डिकन ब्रदरांना निरोप

मिरज

चि. सोनूस,


निरोपाच्या कार्यक्रमाचे फोटो पोचले ते बरे झाले. त्यावर तू विचारलेस, की टोरोंटोच्या तुमच्या चर्चमधले डिकन बायकामुलांचे आहेत, आठवडाभर नोकरी करतात आणि वर्षानुवर्षे तिथेच असतात. मग आपले डिकन ब्रदर अविवाहित कसे, आणि अजून धर्मगुरूसुद्धा झाले नाहीत तर त्यांना एवढा निरोप कशाचा? फोनवर हे धड सांगून झाले नसते, म्हणून लिहायला बसले.

तुमचे ते कायमचे डिकन. हे पद पहिल्या काही शतकांत होते, पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये जवळजवळ बंद पडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ साली, पोप सहावे पॉल यांनी ते पुन्हा सुरू केले आणि त्यात विवाहित पुरुषांनाही घेतले. मुंबईत असे काही डिकन आहेत. पण आपल्या मिरजेत डिकन म्हटला की पुढे धर्मगुरू होणारा तरुण. लग्न न करण्याचे वचन तो डिकन होतानाच देतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षे शिकायचे, वयाची पंचविशी पूर्ण झालेली हवी, आणि डिकन झाल्यापासून गुरुदीक्षेपर्यंत किमान सहा महिने जावे लागतात. त्या मधल्या काळात त्याने लोकांत राहून सेवा करायची. आपल्या ब्रदरांनी तो काळ इथे काढला.

फोटोत त्यांचा स्टोल तिरका दिसतो म्हणालीस. तो तसाच असतो. डिकन स्टोल डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे तिरका घेतो. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशप आणि मग हजर असलेले सगळे धर्मगुरू त्याच्या मस्तकावर हात ठेवतात, त्यानंतर तो स्टोल गळ्यातून पुढे दोन्ही बाजूंनी सरळ सोडतात. मग तळहातांना पवित्र तेल लावतात.

 आता डिकन काय करू शकतो आणि आपल्या ब्रदरांनी इथे काय केले ते सांगते. डिकन बाळाचा स्नानसंस्कार करू शकतो, लग्न लावू शकतो, अंत्यविधी करू शकतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन देऊ शकतो. मिस्सा अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही, आजाऱ्याला तैलाभ्यंग देऊ शकत नाही. मिरजेत दवाखाने किती, तुला ठाऊक आहे. तुमच्या कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ काढले, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसे इथे उपचाराला येतात. त्यांत कोणी कॅथलिक असले आणि निरोप आला की ब्रदर सायकल काढायचे. ख्रिस्तप्रसाद घेऊन जायचे, नातेवाइकांना जेवणाची सोय सांगायचे, कानडी येत नसले तरी बसून राहायचे. आपल्या रेल्वे कॉलनीतल्या एका आजींना शेवटच्या दिवशी पापनिवेदन करायचे होते. ब्रदरांनी फादरांना फोन केला. फादर बाहेरगावाहून परतत होते. ते पोचेपर्यंत दोन तास ब्रदर आजींचा हात धरून रोझरी म्हणत होते. आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, बाळा, तूच ऐक ना. आणि ते सांगत होते, आजी, मला अजून तो अधिकार नाही, फादर येताहेत. फादर वेळेत आले. माझ्या मते ब्रदर त्या दोन तासांत जे शिकले ते सेमिनरीच्या वर्गात शिकवता येत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून वाच. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते, म्हणून प्रेषितांनी सात माणसे नेमली. त्यांतला एक स्तेफन. परंपरेने त्या सातांपासून डिकनपदाची सुरुवात मानतात. ती माणसे प्रेषितांनी स्वतः निवडली नाहीत. लोकांना सांगितले, तुमच्यातून निवडा, मग आम्ही त्यांना या कामावर नेमू.

निरोपाचे कारण यातच आहे, कारण लोकांचा शब्द आजही घेतला जातो. गुरुदीक्षेच्या विधीत बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर देणारा धर्मगुरू सांगतो, की श्रद्धावंतांकडे चौकशी केली आहे आणि तो योग्य ठरला आहे. ही चौकशी नावापुरती नसते. काही अडचण कोणाला ठाऊक असेल, तर ती दीक्षेआधी बिशपांना किंवा प्रमुख धर्मगुरूंना कळवणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. पुणे धर्मप्रांत १८८६ पासूनचा, केवढा तरी पसरलेला. त्यात आपण मिरजेचे लोक मूठभर. इथे मिशन म्हटले की लोकांना वानलेस यांचे प्रॉटेस्टंट मिशनच आठवते. आपल्यातली बरीच घरे रेल्वेच्या निमित्ताने आली, कोणी गोव्याकडची, कोणी तमिळ, कोणी इथलीच. पण बिशपांपुढे त्या प्रश्नाचे उत्तर दिले जाईल, तेव्हा त्यात आपला शब्दही असेल.

म्हणून या वेळी कार्यक्रमात पुढाऱ्यांची भाषणे ठेवली नाहीत, हे मला फार आवडले. ज्यांच्या घरी ब्रदर गेले होते तेच बोलले. आजींचा मुलगा उभा राहिला, दोन वाक्यांत रडू आले आणि खाली बसला. शाल, श्रीफळ दिले, महिला मंडळाच्या बायकांनी शिवलेला पांढरा स्टोल दिला. मटणाचा रस्सा आणि जिलेबी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ब्रदर पुण्याला गेले.

दीक्षाविधी पुण्याला आहे. आम्ही मिरजेहून जाणार आहोत. तुला येता येणार नाही हे समजते. दीक्षेच्या आठवड्यातल्या रविवारी तुमच्या मिस्सेत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना कर, आणि तुमच्या डिकनांनाही करायला सांग. ब्रदरांना दोन ओळी मराठीत लिहून मला पाठव. मी त्या त्यांच्या हातात देईन.

तुझी,
मावशी