झाशीहून आंबोलीस

झाशीच्या परिसरातील रान पानगळीचे. फाल्गुनात तेथे पळस फुलतो, वैशाखात बेतवेच्या पात्रातील खडक उघडे पडतात. या मुलखातून पावसाळी सुट्टीसाठी सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीस येणाऱ्या मराठी कुटुंबास तेथील मेघांत बुडालेले सदाहरित अरण्य प्रथम परकेच वाटते. वस्तुतः झाशीच्या नेवाळकरांचे मूळ या घाटाखालच्या कोकणातच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले आणि झाशीचा वेढा अनुभवून पुन्हा कोकणात परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला.

माणसाने मुलूख सोडला तरी त्याची भाषा त्याच्याबरोबर जाते. आंबोलीच्या सड्यावरील पिवळ्या, पट्टेरी भेकास ही सोय नाही. २००९ साली शास्त्राने स्वतंत्र जाती म्हणून नोंदविलेला हा जीव त्या परिसरापुरताच आढळतो. पावसाळ्याच्या आरंभी जांभ्या खडकावर साचणाऱ्या उथळ पाण्यात त्याचा वंश वाढतो. आणि रात्री रस्ता ओलांडताना तो वाहनांखाली चिरडला जातो. त्यांत त्यालाच पाहावयास आलेल्यांचीही वाहने असतात.

भटजींनी मोठा प्रवास पायी केला. आजच्या पाहुण्याने निदान रात्रीची ती शेवटची वाट पायी चालावी.