कानाचा रिपोर्ट नॉर्मल आहे, पण...

“टोचणार नाही ना?” बाळंतिणींच्या वॉर्डात मशीन घेऊन शिरले की आज्यांचा पहिला प्रश्न हाच. बाळ नुकतंच पिऊन झोपलेलं असावं आणि शेजारच्या खाटेवरचा मोबाईल जरा गप्प असावा, एवढीच माझी अपेक्षा. मऊ रबरी टिप कानात बसवली की मशीन बारीक आवाज सोडतं आणि आतल्या कानातून उलट येणारा क्षीण आवाज टिपतं. ही ओएई तपासणी. पडद्यावर ‘पास’ उमटतं, नाहीतर ‘रेफर’. जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर कानात राहिला तरी रेफर येतं, हे समजावण्यातच माझी निम्मी सकाळ जाते.

एका बाबांना मात्र ‘पास’नं समाधान नव्हतं. “मॅडम, यातून ऑटिझम कळेल का?”

प्रश्न हवेतून आला नव्हता. त्यांच्या थोरल्याला मीच तपासलं होतं, दोन वर्षांचा असताना. हाक मारली तर ढिम्म. बाहेर कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं की दारापर्यंत धाव. झोपेचं औषध देऊन, कपाळाला नि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून त्याची बेरा केली, म्हणजे आवाज कानातून पुढे मेंदूच्या खोडापर्यंत नीट पोचतो का याची तपासणी. सगळ्या लहरी जागच्या जागी. ऐकू उत्तम येत होतं. रिपोर्टखाली मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे जायला लिहिलं, तोंडीही सांगितलं. पण घरी पोचला तो ‘नॉर्मल’ हा एकच शब्द. “याचा बापही उशिराच बोलला,” असं आजी म्हणाल्या आणि वर्ष निघून गेलं. ऑटिझमचं निदान झालं ते त्यानंतर.

आता धाकटी झाली होती आणि बाबांच्या मोबाईलवर एक बातमी होती. बातमी खोटी नव्हती. अमेरिकेत फ्लोरिडात जन्मलेल्या सुमारे 1,39,000 बाळांच्या श्रवण तपासणीच्या नोंदी संशोधकांनी पुन्हा काढून पाहिल्या. त्यातल्या 321 मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं होतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं, की या मुलांच्या मेंदूच्या खोडाकडून आवाजाला मिळालेला प्रतिसाद जन्मतःच सरासरीनं किंचित उशिरा आला होता. हा उशीर मिलिसेकंदाच्याही अंशात मोजायचा.

“मग हिची बेरा करून टाका की!” ओएई कानापाशीच थांबते, पुढच्या वाटेचं काही सांगत नाही, हे ते वाचून आले होते. बापानं एवढा अभ्यास केलेला पाहून मला बरंच वाटलं. पण अडचण त्या ‘सरासरी’त आहे. दोन शाळांतल्या मुलांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असला, म्हणून एका मुलाची उंची मोजून त्याची शाळा ओळखता येत नाही. अभ्यासातला फरक हजारो बाळांच्या आकड्यांतून वर आला होता. समोरच्या एका बाळाच्या आलेखावरून निदान करण्याइतकी ही पद्धत अजून पक्की नाही.

आणि खरं सांगायचं तर माझी धास्ती वेगळीच होती. लहर वेळेवर आली असती तर? थोरल्याच्या वेळेसारखंच पुन्हा सगळे निर्धास्त झाले असते. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर साधारण पाचातल्या एका धाकट्यात तो आढळतो. अशा घरात नुसत्या कानाच्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही.

बेरा केली नाही. त्याऐवजी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर मी लिहून दिलं: नऊ महिन्यांच्या सुमारास हाकेला वळते का, वर्षाची होताना हवी ती वस्तू बोटानं दाखवते का, दीड वर्षाला ऑटिझमची चिन्हं हेरणारी एम-चॅट ही प्रश्नावली भरायची. आई म्हणाली, “हे मराठीतच लिहा. घरात आईंनाही वाचता यायला हवं.”

दहाव्या महिन्यात बाबांचाच फोन आला. हाकेला वळते, हसते, पण बोट दाखवत नाही. एवढ्यात घाबरायचं कारण नाही, असं सांगितलं. कित्येक मुलं वर्षाच्या आसपास दाखवू लागतात. तरी तज्ज्ञांची पुढच्या महिन्यातली तारीख घेऊन ठेवायला लावली. या वेळी आजीही सोबत जाणार आहेत.