किलोच्या भावानं

मालेगावात मोसम पुलाकडच्या एका गॅरेजात बजाजची व्ही मोटारसायकल कोपऱ्यात उभी असते. सीट फाटलेली, टाकीचा रंग उडालेला. २०१६ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीनं जाहिरातीत सांगितलं होतं, की हिच्यात विक्रांत युद्धनौकेचं पोलाद वितळवून घातलंय. मालेगावहून मुंबई पावणेतीनशे किलोमीटरवर. इथल्या माणसाला विक्रांतला हात लावायचा तर ही टाकी आहे. गाडीचं उत्पादनही आता बंद.

विक्रांत. ब्रिटननं बांधायला घेऊन अर्धवट सोडलेली, १९५७ साली आपण विकत घेतलेली. १९६१च्या मार्चात बेलफास्टला नौदलात दाखल झाली, नोव्हेंबरात मुंबईला आली. १९७१च्या युद्धात बॉयलरला तडे गेलेले असताना बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर बॉम्ब टाकले. ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त. त्यानंतर काही वर्षं ती संग्रहालय म्हणून उघडी होती. लोक रांगा लावून चढत, खालच्या हँगरमध्ये ठेवलेली विमानं बघत. २०१२मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून तेही थांबलं.

निवृत्तीपासून लिलावापर्यंत सोळा-सतरा वर्षं गेली. तेवढ्या काळात मंत्रालयात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. विक्रांत मोडा, असं त्यांतलं एकही म्हणालं नाही. कुलाब्याजवळच्या ऑयस्टर रॉकपाशी ती कायमची बसवायची, असंही ठरत होतं. खासगी भागीदार शोधले, तर त्यांचा हिशेब जुळेना. राज्यानं तिजोरीकडे बोट दाखवलं. नौदलाला गोदीतली जागा मोकळी हवी होती. शेवटी ऑनलाइन लिलाव झाला आणि ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. उच्च न्यायालयात याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयानं काही काळ स्थगिती दिली, मग उठवली. २०१४च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर गॅस कटर लागले.

पत्र्याचे डबे. लिलावाच्या आधी ‘विक्रांत वाचवा’ म्हणून मुंबईत वर्गणी गोळा करणारे फिरले होते. लोकांनी पैसे टाकलेही. त्या पैशांचं पुढे काय झालं, यावरून २०२२ साली पोलीस तक्रार झाली आणि वर्तमानपत्रांना काही दिवस पुरेल एवढा मजकूर मिळाला. तोवर विक्रांतच्या टाक्या होऊन त्या रस्त्यावर पळून जुन्याही झाल्या होत्या.

आमच्याकडे भंगार म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग मालेगावात आले आणि त्यांवर इथल्या कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या जगल्या. इथे मागाला साचा म्हणतात. मंदी आली की साचे विकले जातात आणि तेही किलोवर. मागाची चौकट बीडाची असते. तिला कटर लावत नाहीत, घण घालतात. बीड वाकत नाही, तुकडा पडतो. एका बाजूला बीड, एका बाजूला लोखंड, लाकडी धोटा आणि इतर लाकूड निराळं. तीस वर्षं ज्या मागावर बसलो तो टेम्पोत किती थोडी जागा घेतो, हे बघून माणूस चहा प्यायला निघून जातो. पण त्याच्या हातात त्या दिवशी रोख पैसे असतात. माग जपून ठेव म्हणणाऱ्यानं तेवढे दिले असते, तर त्यानंही ठेवला असता.

जहाजाचं नेमकं हेच. मोडण्याचे पैसे एकदाच आणि रोख मिळतात. जपण्याचे दरवर्षी घालावे लागतात. खारं पाणी पत्रा आतून-बाहेरून खातं. काही वर्षांनी जहाज सुक्या गोदीत ओढायचं, तळ खरवडायचा, पातळ झालेले पत्रे बदलायचे, रंग द्यायचा, परत पाण्यात सोडायचं. तिकिटाच्या पैशात यातलं काय भागणार? विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी २००२ पासून उत्तम चालली आहे, कारण ती पाण्यातून काढून वाळूवर आणून ठेवली. ९१ मीटरची पाणबुडी ओढता आली. विक्रांत २१३ मीटरची होती.

विराट, नौदलाची दुसरी विमानवाहू नौका. हिच्यासाठी तर कागद पक्का होता. १ नोव्हेंबर २०१८ला राज्य मंत्रिमंडळानं ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ जहाज बसवायचं, आत संग्रहालय आणि हॉटेल. पैसा खासगी भागीदारीतून यायचा होता, तो आला नाही. २०२०च्या जुलैमध्ये ३८ कोटी ५४ लाखांना ती विकली गेली आणि सप्टेंबरात अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर एका कंपनीनं संग्रहालयासाठी १०० कोटींना ती परत घ्यायची तयारी दाखवली. संरक्षण मंत्रालयानं ना-हरकत दिली नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण संपलं तेव्हा, एप्रिल २०२१मध्ये, जहाजाचा बराच भाग तोडून झाला होता.

गुराबा आणि गलबतं. मराठी आरमारातलं एकही जहाज शिल्लक नाही. तुळाजी आंग्र्यांची जहाजं १७५६मध्ये विजयदुर्गला जळाली. इंग्रजांना त्या मोहिमेवर बोलावलं होतं पेशव्यांनीच. नारोशंकरांनी बांधलेला आमचा भुईकोट साधारण त्याच काळातला. तो पडझड होऊन का होईना, उभा आहे. दगडाला भंगारवाला भाव देत नाही.

ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात सोडली. आमच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला तो पुढच्याच वर्षी. पुढे मलबारचं सागवान पुरेना, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं १८४२मध्ये डांगचं जंगल तिथल्या राजांकडून पट्ट्यानं घेतलं. ते डांग आमच्या बागलाणाला लागून. ही ट्रिंकोमाली अजून तरंगते आहे, पण इंग्लंडात, हार्टलपूलला. १८९७मध्ये तीही मोडीत जाणार होती. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाचं स्वतःचं जहाज त्याच वर्षी वादळात फुटलं होतं. पोरांना शिकवायला दुसरं हवं म्हणून त्यानं पदरच्या पैशानं ही घेतली. पुढे ती थकली तेव्हा १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं तिची डागडुजी चालली. खर्च एक कोटी पाच लाख पौंड. हार्टलपूल म्हणजे काही लंडन नाही. गोद्या बंद पडून बसलेलं गाव. तिथल्या कारागिरांना या कामावर हात चालवता आला. मालेगावच्या फिटरला हे वाचून हेवा वाटावा.

पण सगळीकडे असं होतं, असंही नाही. अमेरिकेचं ‘युनायटेड स्टेट्स’ हे अटलांटिक सर्वांत वेगानं ओलांडणारं प्रवासी जहाज. १९६९पासून ते रिकामं. वाचवणाऱ्यांची संस्था, वर्गणी, मोठमोठी नावं, सगळं होतं. धक्क्याचं भाडंच झेपेना. २०२४मध्ये फ्लोरिडातल्या एका काउंटीनं ते विकत घेतलं, समुद्राच्या तळाशी बसवून माशांसाठी प्रवाळ वाढवायला.

गुलदार. विक्रांत आणि विराट यांच्यापुढे अगदी लहान, सैनिक आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. २०२४च्या जानेवारीत निवृत्त. हिच्यासाठी मात्र केंद्राकडून ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर झाले. जागा तीच, निवतीचे खडक. गुलदार तिथे पाण्याखाली बसवायची, तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचं आणि पर्यटकांना खाली नेऊन दाखवायची. म्हणजे तरंगत्या विराटला जे मिळालं नाही, ते गुलदारला बुडण्यासाठी मिळालं. यात थट्टा वाटते खरी, पण हिशेब चोख आहे: तळाशी गेलेल्या जहाजाला दर काही वर्षांनी रंग लागत नाही, गोदीतली जागा लागत नाही, आणि भंगारवाल्याचा टेम्पो तिथवर पोचत नाही.