ठिसूळ हाडे आणि रात्रीचा श्वास

ज्या घरात ठिसूळ हाडांचे माणूस वाढते, त्या घराला जपण्याची सवय जडते. मिस्सेला जाताना आमच्या धाकट्या बंधूचा हात ओल्या पायरीवर कोणी धरावा, हे लहानांनाही सांगावे लागत नाही.

चाळिशीनंतर मात्र त्याला दिवसा पेंग येऊ लागली. जपमाळेच्या दुसऱ्या रहस्यालाच डोळे मिटत. रात्री मोठे घोरणे, मग एकाएकी शांतता, मग दचकून घेतलेला श्वास. सकाळी डोके जड. (घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज आपल्याकडे फारच दृढ!)

डॉक्टरांनी उलगडा केला. या विकारात कोलाजेन नावाचे प्रथिन सदोष असते, आणि ते हाडांप्रमाणे फुप्फुसांतही असते. कणा वाकला, बरगड्यांचा पिंजरा आखडला, की श्वासाला जागा उरत नाही. कवटीचा तळ मानेच्या मणक्यांवर खचला, तर श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागावरच दाब येतो. त्यात निद्रेत घसा सैल पडून वाट बुजते. 10 सेकंद वा अधिक थांबणारा श्वास तासाला 5 वेळा अडला, तरी ती व्याधी गणली जाते. तीव्र विकार असलेल्या पुष्कळ प्रौढांचा घात हाडे नव्हे, श्वसनच करते.

नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली प्रसिद्ध केला. बंधू आता तोच मुखवटा लावून निजतो. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेण्यास त्याला सक्त मनाई आहे. आणि तपासणीस जाताना, मानेला हात लावण्यापूर्वीच, हाडांची हकिकत आम्ही सांगून टाकतो.