तुपाशी, उपाशी

‘त्यांना केळं मिळतंच की’ असं म्हणून विषय संपवता येतो. माझा संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि न खाणाऱ्यांसाठी केळं. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक. एवढा हिशेब कुणालाही जमतो. मला मात्र आजीची म्हण छळते: खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी.

पानावर हटून बसलेल्या पोराला ती हा टोमणा मारायची. पण असं खरंच म्हणेल कोण? ज्याच्या फडताळात तुपाची बरणी आहे, तोच ना? बाकीचे मिळेल ते खातात. मग घरात तूप नसताना एकादशी पाळणारी बाई हट्टी म्हणायची का? आजी स्वतःच पाळायची. आणि तूप तरी कुठे झाडाला लागतं? काटेकोर वनस्पतीजन्य जेवणात ते बसत नाही. आपली शाळेतली खिचडी बसते. तांदूळ, डाळ, तेल, हळद, तिखट. फ्रान्समध्ये २०१९ पासून शाळांना आठवड्यातून एक जेवण मांसमासळीविना द्यावं लागतं, तेही कायद्याने. आपल्याला एक दिवस अंडं द्यायला शासन निर्णय काढावा लागला.

पर्याय आला की यादी आली. “अंडं कोण कोण खातं? हात वर करा.” दुसरीतलं पोर आधी शेजारच्याकडे बघतं. घरी खात असलं तरी ‘शाळेत सांगू नकोस’ अशी ताकीद असते. हात अर्धा वर जातो, कानामागे खाजवून खाली येतो. वर गेलेल्या हातावरून आडनाव न विचारता बरंच कळतं, आणि पोरांना ते मोठ्यांच्या आधी कळतं. खिचडीला हात वर करावा लागत नव्हता. म्हणून पर्यायच नको म्हणावं, तर न खाणारं पोर त्या दिवशी नुसतं बघत बसणार. सगळ्यांना केळंच द्यावं, तर ज्याच्या घरी महिनोन्‌महिने अंडं येत नाही त्याचं काय? इथे मी अडतो. शाळेच्या पंगतीत आधी पोट बघावं की घराण्याची रीत, हे ठरवणारा मी कोण, तेही कळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणं थांबवलं. हवं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. अंड्यामागे पाच रुपये मिळत होते.