‘तेका झोप इली हा’

मालवण

प्रिय सुलू,

तुझ्या नातीच्या पाळणाघरातून रोज मोबाईलवर अहवाल येतो म्हणे: किती वेळ झोपली, केळं अर्धंच खाल्लं, शी किती वेळा केली. वाचून आधी हसले. मग वाटलं, मी कसली हसतेय? अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नोकरी केली, पण आमच्या रजिस्टरात बाळाचं वजन, दंडाचा घेर आणि आहाराच्या पाकिटांचा हिशेब. केळं अर्धं का टाकलं, याला रकाना नव्हता.

तुमच्या मेलबर्नला दोन वर्षांखालच्या 4 मुलांमागे एक सांभाळणारी हवीच, असा नियम. आपल्याकडे सरकारी पाळणाघराच्या योजनेत 25 मुलांना एक सेविका नि एक मदतनीस. त्या दोघींनी कुणाकुणाचा स्वभाव ओळखायचा?

आमच्या किनाऱ्यावर मात्र होडी लागली की सून लिलावाला, तिथून टोपली घेऊन बाजारात, पोर सासूकडे. ते रडायला लागलं की सेविका म्हणायची, भुकेलं असेल. म्हातारी मान न उचलता सांगायची, “भूक नाय गो, तेका झोप इली हा.” आणि खरंच, जरा थोपटलं की गप. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्यापुढे एकच पोर होतं, इतकंच.

म्हणून सगळं आजीवर सोपवा, असं नाही हं. दोन वर्षांचं झालं तरी बोलेना, तर “तेचो बापूस पण उशिराच बोललो” म्हणून गप्प बसणारीही तीच. तिथे बाहेरची नजर लागते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला शिकवलं. ते काम 1999मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011पासून देशभर आशाताई तेच करू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचं. पुढे 3, 6, 9, 12, 15 महिन्यांना फेरी.

आणि मग? अंगणवाडीत बसायचं वय तीन. तोवर घरी आहाराचं पाकीट. नेमकं याच काळात पोर बोलू लागतं, हट्ट धरतं, एकासारखं दुसरं नसतं. आणि आमच्या वहीत फक्त वजन. आमच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते. सरकारचा 2024चा ‘नवचेतना’ आराखडा तीन वर्षांखालच्यांसाठी महिन्यागणिक खेळ सुचवतो, ते घरच्यांना शिकवायला सांगतो. चांगलंच आहे. पण सेविकेला मोबाईलवर आधीच इतकं भरावं लागतं, की पोराकडे बघायला तिचे डोळे मोकळे राहतील का, शंका आहे.

एक काम कर. तुमच्या पाळणाघरात विचार, नवं मूल आलं की ते एकाच बाईकडे ठेवतात का? ती रजेवर गेली की काय करतात? आमच्या वाडीतल्या काही जणी एकत्र पोरं सांभाळायचं म्हणतायत, मला विचारून गेल्या. लवकर कळव, आणि फोनवर नको, लिहून. त्यांना वाचून दाखवायचंय.

तुझी,
मंदा