दलाल स्ट्रीटवरील मनोरा

मुंबईच्या फोर्ट भागात फिरोज जीजीभॉय टॉवर्स ही 29 मजली इमारत उभी आहे. मुंबई शेअर बाजाराची ही वास्तू. बाजार चढला की वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येते, कोसळला तरी तेच येते. आपल्या वसतिगृहात एका कंदिलाभोवती अर्थशास्त्राची उजळणी करणारे आम्ही तिघे पुढे याच परिसरात नोकरीस लागलो आणि कित्येक वर्षे तिच्या सावलीतून आमची ये-जा झाली.

1850 च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल जमत. 1875 मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. आजची इमारत त्यानंतर शंभर वर्षांनी आली. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत जी स्फोटमालिका झाली, तिचा पहिला स्फोट या इमारतीच्या तळघरातला. 1995 मध्ये सौदे संगणकावर गेले आणि आरडाओरड करून, हातांच्या खुणांनी चालणारा व्यवहार थांबला. आमच्या वेळी तेथे शांतता होती. जुने कारकून त्या गोंगाटाविषयी बोलत ते गावची बंद पडलेली जत्रा आठवावी तसे.

परंतु त्या रस्त्यावर आम्हांस सदैव आठवे ते निराळेच. परदेशातून 1917 मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरव्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली व तो बंद पडला. चरित्रात हा प्रसंग थोडक्यात उरकलेला असतो. नाशिकच्या मुलांचे मन साहजिकच 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाकडे ओढ घेते. पण देवळाइतकाच पेढीचाही दरवाजा बंद होता, आणि तो ज्याला बंद झाला त्यानेच 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

आमच्यापैकी एकाला एका दलालाच्या कचेरीत प्रथम नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, आणि मग, "नाशिककडचे, म्हणजे कोण?" त्याने "बौद्ध" असे सांगितले. नोकरी मिळाली. मोठ्या गिऱ्हाइकांसमोर बसण्यास मात्र सहा वर्षे लागली. तोवर इतरांच्या हिशेबातील चुका तोच काढीत होता.

नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात. त्या जिल्ह्यातील मुले आम्ही, तरी पैसा वाढतो कसा हे आमच्या घरी कोणी जाणत नव्हते. पोस्टातले पासबुक, भिशी, जमल्यास सोन्याचा मणी. पालक विचारतात, शेअर म्हणजे जुगारच ना? उसने पैसे घेऊन, ऐकीव बातमीवर खेळणाऱ्याचा तो जुगारच. हर्षद मेहता प्रकरणात 1992 मध्ये अनेकांची घरे बसली ती उगीच नव्हे. पण शेअर हा मुळात कारखान्यातील मालकीचा हिस्सा आहे. ज्यांच्या पिढ्यांनी कारखान्यात केवळ श्रम घातले, त्यांनी मालकीकडे पाठ फिरवावी हे आम्हांस पटत नाही.

म्हणून येत्या जूनपासून महिन्यातील एका रविवारी दहावीच्या मुलामुलींना ताळेबंद वाचावयास शिकविण्याचे आम्ही ठरविले आहे. फळा आणि खडू पुरेत. एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल आम्ही बरोबर आणू. पालकांनीही मागच्या बाकांवर अवश्य बसावे.